मेल्यावरही वेठ : झॉम्बीच्या सिनेमामागचा गुलामांचा इतिहास



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारी संध्याकाळी मुलं जमतात. मागे एकदा पुस्तकं बाजूला सारून चार-पाच जण एका मोबाईलवर डोकी जुळवून बसले होते. झॉम्बीचा सिनेमा चालू होता, हिंदीत डब केलेला. आम्ही सवयीने बोललो, "भूतखेत सोडलं ना रे आपण? मग हे काय?" त्यातल्या एकाने मान वर न करता विचारलं, "दादा, पण हे भूत आलं कुठून? त्यांच्याकडे पण पुराणं आहेत का?" समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या माणसाकडे याचं उत्तर असायला हवं होतं. नव्हतं. "गोऱ्यांची अंधश्रद्धा, दुसरं काय" असं बोलून आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर चुकीचं तर होतंच, शिवाय अन्यायाचंही होतं, हे नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती.

झॉम्बी गोऱ्यांचा नाही. (आपल्या मराठी झोंबाझोंबीशीही त्याचं नातं नाही, तो नुसता उच्चाराचा योगायोग.) तो कॅरिबियन समुद्रातल्या हैती या काळ्या लोकांच्या देशाचा आहे. मध्य आफ्रिकेतल्या कोंगो भाषेत 'न्झाम्बी' हा देवासाठी, आत्म्यासाठी वापरला जाणारा शब्द आहे. त्याच कुळातून हा शब्द आला असं बरेच अभ्यासक मानतात. जहाजाच्या तळाशी साखळदंडात आणलेल्या माणसांबरोबर तो समुद्र ओलांडून आला. आणि हैतीच्या लोककथेतला झॉम्बी माणसं खात नाही, कुणाच्या मागे धावत नाही. तो राबतो. मेलेल्या माणसाला थडग्यातून उठवून, त्याचं मन काढून घेऊन, दुसऱ्याच्या शेतात रात्रंदिवस राबवलं जातं, अशी ती गोष्ट आहे. तिच्यातली भीती झॉम्बी समोर येण्याची नाही, आपणच झॉम्बी होण्याची आहे. म्हणजे ती गुलामाची भीती आहे. सिनेमाने ती उचलली आणि मालकाची करून टाकली.

हे कसं घडलं ते समजायला आधी ऊस समजून घ्यावा लागतो.

आजचा हैती म्हणजे तेव्हाची सँ-दोमिंग ही फ्रेंच वसाहत. १७८९ च्या सुमारास तिथे जवळजवळ पाच लाख गुलाम होते आणि गोरे साधारण तीस हजार. युरोपच्या चहा-कॉफीत पडणाऱ्या साखरेचा फार मोठा वाटा या एकट्या वसाहतीतून जात होता. ऊसतोड म्हणजे काय हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पण तिथे तोडीबरोबर गाळपही त्याच माणसांच्या अंगावर होतं. हंगामात चरक रात्रभर चाले. झोपेने पेंगुळलेल्या माणसाचा हात चरकात सापडला तर सरळ तोडून काढता यावा म्हणून कॅरिबियनमधल्या चरकांजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे. माणसं इतकी मरत की जन्मांनी ती भरून निघत नसत. मालक नवी जहाजं बोलावत. मुलं वाढवण्यापेक्षा नवा गुलाम विकत घेणं स्वस्त पडतं, असा तो हिशेब. त्यामुळे क्रांतीच्या वेळी सँ-दोमिंगमधले बहुसंख्य गुलाम आफ्रिकेतच जन्मलेले होते. घर, भाषा, देव, सगळं आठवणारे.

या सगळ्याला कायद्याचा आधार होता. चौदाव्या लुईच्या राजवटीत १६८५ साली 'कोड नोआर' म्हणजे 'काळी संहिता' निघाली. तिच्यात गुलाम ही जंगम मालमत्ता ठरवली गेली. वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांनी दिवसा वा रात्री एकत्र जमायचं नाही. कॅथलिक सोडून दुसरा धर्म पाळायचा नाही. महिनाभर पळून राहिला तर कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा, दुसऱ्यांदा पळाला तर गुडघ्यामागची शीर कापायची, तिसऱ्यांदा मृत्यू. स्मृतिग्रंथातल्या शिक्षांची यादी ज्यांनी वाचली आहे त्यांना या कायद्याची भाषा ओळखीची वाटेल.

अशा माणसाकडे सुटकेचा एकच रस्ता उरला होता, तो म्हणजे मरण. मेल्यावर आत्मा समुद्र ओलांडून 'गिनी'ला, म्हणजे पूर्वजांच्या आफ्रिकेत परत जातो, अशी समजूत होती. तिच्या जोरावर कित्येकांनी स्वतःला संपवलं. मळेवाल्यांनाही ही समजूत माहीत होती. म्हणून कॅरिबियन बेटांवर आत्महत्या केलेल्या गुलामाचं मुंडकं किंवा हातपाय तोडून इतरांना दाखवले जात. बघा, हा आता असाच धडाविना गावी जाणार! मालमत्तेने स्वतःची नासाडी करू नये यासाठीची ही तजवीज होती.

आता या पार्श्वभूमीवर झॉम्बीची गोष्ट पुन्हा ऐका. एक 'बोकोर', म्हणजे पैसे घेऊन वाईट कामं करणारा मांत्रिक, माणसाला मारतो, पुरू देतो, मग उकरून काढतो. त्याला नाव आठवत नाही, बायका-पोरं ओळखू येत नाहीत. गिनीला जायचा रस्ता बंद. मरूनसुद्धा मळ्यातच. जिथे मरण हीच सुटका होती, तिथे त्या लोकांनी कल्पिलेला सर्वात भयंकर प्रकार हा की मरणही मालकाच्या मालकीचं झालं.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. काही लेखक बेधडक लिहितात की मळ्यावरच्या गुलामांनी झॉम्बीची ही गोष्ट जशीच्या तशी रचली. अठराव्या शतकाच्या कागदपत्रांत तसा पुरावा नाही. मोरो द सेंट-मेरी या वसाहतकारी लेखकाने १७९७ मध्ये 'झॉम्बी' शब्दाचा अर्थ दिला तो भूत, परत आलेला आत्मा एवढाच. राबणाऱ्या प्रेताची कथा ठळकपणे लिहिली गेली ती विसाव्या शतकात. म्हणजे ती गुलामीची नुसती आठवण नाही, गुलामी परत येईल या भीतीचीही कथा आहे. आणि ती भीती निराधार नव्हती.

ऑगस्ट १७९१ मध्ये सँ-दोमिंगच्या उत्तरेत गुलामांनी बंड केलं. त्याआधी बुवा कायमान या ठिकाणी रात्री सभा भरली, बूकमान नावाचा पुढारी होता, व्होडूचा विधी झाला असं सांगतात. त्याचं पहिलं छापील वर्णन १८१४ चं आणि तेही एका फ्रेंच माणसाचं आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं. बारा-तेरा वर्षं लढून, नेपोलियनच्या फौजेला हरवून, १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी स्वतः उठाव करून स्वतःचं राष्ट्र उभं केल्याचं जगातलं हे एकमेव उदाहरण. आपल्या शाळेच्या पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांतीला अख्खा धडा आहे. हैतीला किती ओळी आहेत ते शोधून पाहा.

जगाने त्याची किंमत वसूल केली. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका उभ्या करून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. कुणाला? ज्यांनी गुलाम गमावले त्या मालकांना! पुढे ती ९ कोटींवर आली, पण ती भागवायला काढलेली कर्जं फिटायला विसावं शतक अर्धं सरत आलं. आणि घरचे राज्यकर्तेही काही वेगळे निघाले नाहीत. मळे चालले पाहिजेत, निर्यात झाली पाहिजे, म्हणून बॉयेर या राष्ट्राध्यक्षाच्या १८२६ च्या ग्रामीण कायद्याने शेतकऱ्याला पुन्हा जमिनीला बांधायचा प्रयत्न केला. ज्यांनी साखळ्या तोडल्या त्यांच्या नातवंडांना रात्री पुन्हा मळ्याची स्वप्नं पडत असतील तर त्याला अंधश्रद्धा म्हणायचं का?

मग २८ जुलै १९१५ ला अमेरिकेचं नौदल उतरलं आणि १९३४ पर्यंत हललं नाही. त्याआधीच, डिसेंबर १९१४ मध्ये, हैतीच्या राष्ट्रीय बँकेतलं पाच लाख डॉलरचं सोनं मरीन सैनिकांनी जहाजावर चढवून न्यूयॉर्कला नेलं होतं. रस्ते बांधायला माणसं हवी होती म्हणून १८६४ चा एक जुना वेठीचा कायदा उकरून काढला. फ्रेंच शब्द 'कोर्वे', मराठीत सरळ वेठबिगार. माणसांना दोरांनी बांधून गावापासून दूर नेऊन राबवलं गेलं. त्याविरुद्ध डोंगरातले शेतकरी उठले. त्यांचा नेता शार्लमान पेराल्त १९१९ मध्ये मारला गेला, तेव्हा त्याचं प्रेत दाराच्या फळीला बांधून काढलेला फोटो दहशत बसावी म्हणून वाटला गेला. लोकांना त्यात क्रुसावरचा येशू दिसला आणि मरिनांचा डाव उलटला.

झॉम्बी जगभर पोचला तो याच वर्षांत. विल्यम सीब्रुक या अमेरिकन प्रवाशाने १९२९ मध्ये 'द मॅजिक आयलंड' हे पुस्तक लिहिलं. सनसनाटी पुस्तक, काळ्या लोकांकडे तमाशा म्हणून बघणारं. पण त्यात एका हैतीयन शेतकऱ्याने सांगितलेली एक गोष्ट आहे, तिच्यासाठी आम्ही सीब्रुकला थोडं माफ करतो. गोष्ट १९१८ च्या ऊस हंगामाची, म्हणजे वेठबिगारीच्याच दिवसांची. हैतियन-अमेरिकन शुगर कंपनीला माणसं कमी पडत होती. टि-जोझेफ नावाचा एक माणूस फाटक्या, शून्य नजरेच्या लोकांची टोळी घेऊन आला. ही डोंगरातली अडाणी माणसं, यांना बोलता येत नाही, असं सांगून त्याने त्यांची नावं लावली आणि सगळ्यांची मजुरी स्वतः उचलली. आपल्याकडे त्याला मुकादम म्हणतात. ती टोळी झॉम्बींची होती. सणाच्या दिवशी टि-जोझेफच्या बायकोला त्यांची दया आली, तिने त्यांना बाजारात नेलं आणि गोड वड्या खायला दिल्या. त्या वड्यांत मीठ होतं. मीठ जिभेला लागताच त्यांना कळलं की आपण मेलेलो आहोत. ते उठले आणि डोंगराकडे, आपल्या गावच्या स्मशानाकडे चालू लागले. कुणी त्यांना अडवू शकलं नाही.

या मिठापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. आपल्या भाषेत खाल्ल्या मिठाला जागायचं असतं. मीठ नोकराला मालकाशी बांधतं. हैतीच्या गोष्टीत मालक झॉम्बीला अळणीच खाऊ घालतो, कारण मिठाचा एक कण पोटात गेला की तो मालकाला सोडून जातो. दोन्ही ठिकाणी मीठच. पण आपली म्हण मालकाच्या ओसरीवर बसून केलेली आहे आणि ती गोष्ट उसाच्या फडात.

साखर कंपनी, मुकादम, हडपलेली मजुरी, परक्या देशाचं सैन्य. हे सगळं ज्या गोष्टीत आहे तिच्यातून हॉलिवूडने काय उचललं? १९३२ मध्ये व्हिक्टर हॅल्परिन याने 'व्हाइट झॉम्बी' काढला. झॉम्बीचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा म्हणून त्याचं नाव घेतात. हैती तेव्हाही अमेरिकेच्या ताब्यातच होता. नावातच 'व्हाइट' आहे बघा. गोष्ट अशी की एका गोऱ्या तरुणीवर एका गोऱ्या मळेवाल्याचा डोळा आहे, म्हणून तो बेला लुगोसीने रंगवलेल्या मांत्रिकाकडून तिला झॉम्बी करवतो. काळे लोक शतकभर झॉम्बी होत होते तेव्हा तो सिनेमाचा विषय झाला नाही; गोरी बाई झॉम्बी झाली तेव्हा झाला.

तरीही त्या सिनेमात एक प्रसंग असा आहे की जो दिग्दर्शकाच्या हातून सुटला असावा. मांत्रिकाची साखर गिरणी. सावल्यांसारखी माणसं टोपल्या वाहतायत, लाकडी दांडा ढकलत चरक फिरवतायत. संगीत नाही, नुसती लाकडाची करकर. एक माणूस तोल जाऊन चरकात पडतो. कुणी ओरडत नाही, कुणी थांबत नाही, करकर तशीच चालू राहते. आणि मांत्रिक पाहुण्याला सांगतो की त्याची माणसं जास्त तासांची तक्रार करत नाहीत. एवढ्या दोन-तीन मिनिटांत तो सिनेमा खरा आहे. शेवटी नायिका शुद्धीवर येते; गिरणीतल्या माणसांचं काय झालं ते कुणी विचारतही नाही.

१९४३ चा 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी' थोडा प्रामाणिक म्हणावा लागेल. दिग्दर्शक जाक तुर्नर. त्यात मळेवाल्याच्या अंगणात गुलामांच्या जहाजावरची एक बाण लागलेली लाकडी मूर्ती उभी आहे, आणि मूल जन्मलं की लोक रडतात, माणूस मेला की आनंद करतात, असं त्या बेटाबद्दल सांगितलं जातं. का, ते वर आलेलंच आहे.

याच काळात खुद्द हैतीत 'अंधश्रद्धा निर्मूलन' चालू होतं. हा भाग आपल्या चळवळीने नीट वाचावा. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चने सरकारच्या पाठिंब्याने मोहीम काढली. ढोल जाळले, पवित्र झाडं तोडली, लोकांकडून व्होडू सोडल्याच्या शपथा घेतल्या. शब्द आपलाच, पण हात कुणाचे? गरिबाचा देव मोडायचा आणि श्रीमंताचा देव त्याच जागी बसवायचा, याला आम्ही निर्मूलन म्हणत नाही. दुसऱ्या बाजूने, लोककथा गरिबांची आहे म्हणून ती आपोआप गरिबांच्या बाजूची राहते असंही नाही. १९५७ मध्ये सत्तेवर आलेला फ्रान्स्वा दुव्हालिये हा डॉक्टर आणि लोकसंस्कृतीचा अभ्यासक. तो स्मशानाचा देव बॅरन सामदी याच्यासारखा काळा सूट, काळी हॅट घालून वावरू लागला. त्याच्या खाजगी गुंडफौजेला लोकांनी 'तोंतों माकूत' नाव दिलं. लहान मुलांना पोत्यात घालून नेणाऱ्या बागुलबुवाचं नाव! गावकऱ्यांची भीती त्याने सरकारी खात्यासारखी चालवली.

आणि विज्ञान काय म्हणतं? १९८० च्या दशकात वेड डेव्हिस या संशोधकाने माशाच्या विषाने माणूस मेल्यासारखा होतो असा सिद्धांत मांडला, त्यावर 'द सर्पंट अँड द रेनबो' हा सिनेमाही १९८८ मध्ये आला. पण त्याच्या चूर्णांत ते विष परिणाम होण्याइतकं होतं का यावर इतर शास्त्रज्ञांनी कडाडून आक्षेप घेतला. १९९७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये झॉम्बी म्हणून ओळखल्या गेलेल्या तीन माणसांची तपासणी छापून आली. मनोविकार, मेंदूची इजा, मतिमंदत्व असे निष्कर्ष निघाले आणि डीएनए चाचणीत चुकीच्या ओळखीही उघड झाल्या. म्हणजे भटकणाऱ्या, बेवारस, आजारी माणसाला एखादं कुटुंब आपलं मेलेलं माणूस समजून घरी नेत होतं. झॉम्बी नाही, हे सिद्ध झालं. त्या कुटुंबाचं दुःख मात्र कुठल्या चाचणीत येत नाही.

आज मुलं बघतात तो झॉम्बी मात्र १९६८ चा. जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये प्रेतं पहिल्यांदा माणसं खाऊ लागली. त्याने तो शब्द वापरलाही नव्हता, लोकांनी चिकटवला. या बदलात एक गोष्ट मुकाट्याने नाहीशी झाली, ती म्हणजे मालक. प्रेतांना उठवणारा कुणी नाही, त्यांच्या मजुरीवर जगणारा कुणी नाही. उरली ती नुसती गर्दी, जिच्यावर निर्धास्त गोळी झाडता येते. पुढच्या शेकडो सिनेमांनी तेवढंच घेतलं. भिंतीपलीकडून चढून येणारे, मोजता न येणारे, बोलता न येणारे लोक. जगाच्या सीमांवर आज कुणाकडे असं पाहिलं जातं, ते बातम्या बघणाऱ्याला कळतं. (कोरियाचा 'ट्रेन टू बुसान' याला थोडा अपवाद, तिथे दार लावून घेणारा कंपनीवाला प्रेतांपेक्षा वाईट आहे.)

पण रोमेरोच्या त्या सिनेमाचा नायक काळा आहे, डुएन जोन्स या नटाने केलेला. भूमिका काळ्या माणसासाठी लिहिलेली नव्हती असं रोमेरो सांगत असे. हा माणूस रात्रभर प्रेतांशी लढून एकटा जिवंत राहतो आणि सकाळी बंदुका घेऊन आलेली गोऱ्यांची टोळी त्याला प्रेत समजून गोळी घालते. मग पडद्यावर स्थिरचित्रं येतात. आकड्याने ओढून नेलेला देह, भोवती उभी माणसं. अमेरिकेतल्या जमावहत्यांचे फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना ती बघवत नाहीत. २०१७ मध्ये जॉर्डन पील या काळ्या दिग्दर्शकाने 'गेट आउट' काढला. त्यात झॉम्बी हा शब्दच नाही, पण गोरे लोक काळ्या माणसाचं शरीर वापरायला घेतात आणि त्याचं मन आत खोल कुठेतरी कोंडून ठेवतात. हैतीची गोष्ट नव्वद वर्षांनी आपल्या माणसांकडे परत आली ती अशी.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, हे आपण भाषणांत सांगतो. पण त्या पुस्तकात ते करतात काय? मत्स्य, वराह, नरसिंह, वामन यांच्या कथा खोट्या म्हणून फेकून देऊन ते थांबत नाहीत. त्या कथांमागे कोण जिंकलं, कोण हरलं, आणि घराघरात बळीचं राज्य का मागितलं जातं, असं विचारतात. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्या डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशी केली, त्यांच्या वडिलांचा जन्म हैतीतला. इतकं सगळं आमच्या शेल्फवर होतं आणि आम्ही त्या पोराला "गोऱ्यांची अंधश्रद्धा" म्हणून गप्प केलं.

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, लाखो माणसं मेली आणि बेघर झाली. दुसऱ्याच दिवशी पॅट रॉबर्टसन या अमेरिकन धर्मोपदेशकाने टीव्हीवर सांगितलं की फ्रेंचांपासून सुटण्यासाठी या लोकांनी सैतानाशी करार केला होता, त्याचं हे फळ. भूत मानणारा कोण, ते ठरवा.

'व्हाइट झॉम्बी' इंटरनेटवर फुकट मिळतो, जेमतेम सव्वा तासाचा आहे. मागच्या महिन्यात अभ्यासिकेच्या भिंतीवर चादर लावून आम्ही तो दाखवला. अर्धी मुलं कंटाळली, हे कबूल. चरकाच्या प्रसंगाला मात्र हालचाल थांबली. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाची आई दोन हंगाम तोडीला गेलेली; तो म्हणाला, "दादा, यांचा मुकादम कोण होता ते नीट दाखवलं नाही." पुढच्या रविवारी १९४३ चा सिनेमा लावणार आहोत. इंग्रजी जड जाईल त्यांच्यासाठी मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगू. जवळपास राहणाऱ्यांनी यावं, येताना बसायला सतरंजी आणावी.